सतरा नंबरची मुळं

देवास, १९ ऑगस्ट २०२४

चि. जान्हवीस,

काल दादाचं तेरावं झालं आणि पंगत बसायच्या आत तू गंधवानीची बस पकडायला निघालीससुद्धा. बापाच्या तेराव्याला मुलगी न जेवता गेली, हे धारच्या सगळ्या आळीने पाहिलं. माझ्या पाया पडली नाहीस ते जाऊ दे. निदान पानावर दोन घास तरी खायचेस.

आज राखी. दरवर्षी सकाळच्या बसने मी धारला जायची आणि पीथमपुरच्या कारखान्यातून दादा रात्रपाळी करून आलेला असला तरी आंघोळ करून पाटावर बसायचा. आज मी उगाचच लवकर उठले. उठल्यावर आठवलं.

तू एका दिवसासाठी गंधवानीला गेलेली असतानाच दादा गेला; बातमी मी फोनवर दिली आणि तू लगेच फोन ठेवलास. आमच्या लहानपणी अशी बातमी पोस्टकार्डावर यायची, कोपरा फाडलेल्या. तसं कार्ड आलं की आमची आई ते घरात नेत नसे. उंबऱ्याबाहेर उभ्यानेच वाचायचं आणि लगेच फाडून टाकायचं. पण वाचायचं मात्र नक्की. न वाचता ते कोणी बाजूला ठेवलेलं मी कधी पाहिलं नाही. फोनचं काय, बटण दाबलं की बंद.

मराठीत लिहिते आहे. हिंदी शाळेत शिकल्यामुळे तुला मराठी वाचायला वेळ लागतो, अजून ओळीखाली बोट धरावं लागतं, हे मला ठाऊक आहे. पण आपल्या घरची पत्रं मराठीतच गेली-आली आणि ती रीत मी मोडणार नाही.

आता मुद्द्याचं. संशोधन संस्थेने तुला काढलं त्याविरुद्ध अपील करायची मुदत तीस सप्टेंबरपर्यंत आहे, असं ऑफिसातल्या एकाने सांगितलं. माझं ऐकशील तर करू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुन्हा ते फोटो निघतील, पुन्हा ते रजिस्टर निघेल, पुन्हा दहा माणसं बसून तुला प्रश्न विचारतील. गंधवानीची शाळा काही वाईट नाही. पोरांना विज्ञान शिकव, शांतपणे राहा.

आणि चौकशीत सगळ्यांदेखत तू मला जे विचारलंस, "आत्या, पाण्याचा पीएच तू खुद मोजला होतास ना?" ते मला लागलं. एकतीस वर्षं मी त्या प्रयोगशाळेत काढली. बारावी पास बाई, पण डायरेक्टर साहेब पाहुण्यांना सांगायचे की सुमंगलाताईचा हात लागला म्हणजे चूक नाही. वहिनी गेली तेव्हा तू दहा वर्षांची होतीस, तेव्हापासून याच हाताने तुझी वेणी घातली. त्या हाताला तू तसं विचारलंस. मी "हो" म्हटलं आणि खाली बसले. माझ्या मनात तेवढंच आहे, दुसरं काही नाही.

पत्राचं उत्तर दे.

तुझी,
सुमंगला आत्या


देवास, ८ सप्टेंबर २०२४

चि. जान्हवी,

उत्तर नाही. ठीक आहे, मीही तुझीच आत्या आहे, लिहायचं थांबणार नाही.

यंदा घरात गणपती नाही. शेजारच्या शैलाकाकूंनी त्यांच्याकडचे मोदक आणून दिले. त्या साताऱ्याकडच्या, नवऱ्याच्या नोकरीपायी देवासला आलेल्या, तुला आठवत असतील. बसल्या, इकडचं तिकडचं झालं आणि मग हळूच विचारलं की तुमच्या भाचीचं नेमकं झालं काय. अख्खी कॉलनी विचारते, पण पाठीमागे. यांनी समोर विचारलं म्हणून मी सांगितलं, स्वयंपाकघरातल्या भाषेत.

म्हटलं, ॲल्युमिनियम सगळ्याच मातीत असतं. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत ते निजलेलं असतं, कुणाला त्रास देत नाही. डिंडोरीकडची लाल माती आंबट. आंबट मातीत ते विरघळतं आणि मुळाच्या टोकात शिरून त्याला जाळतं. टोक जळलं की मूळ खाली जात नाही, आणि पाऊस ओढला की रोप उभ्या उभ्या वाळतं. पण काही गव्हांच्या मुळाच्या टोकाशी बारीक दारं असतात, प्रथिनांची. त्या दारांतून मूळ आतलं आम्ल बाहेर सोडतं. सफरचंदात असतं ना आंबट, तेच. ते आम्ल ॲल्युमिनियमला धरून ठेवतं, आत येऊ देत नाही.

शैलाकाकू म्हणाल्या, "म्हणजे नको असलेल्या पाहुण्याला दारातच चहा पाजून वाटेला लावायचं." मी इतकी वर्षं त्या खोलीत काढली, पण इतकं सोपं मला कधी सांगता आलं नाही.

मग सांगितलं की जास्त दारं असलेला गहू हुडकायचं काम तुझं होतं. रोपांची मुळं ॲल्युमिनियमच्या आंबट पाण्यात ठेवायची, मग रंगात बुडवायची. ॲल्युमिनियम आत शिरलं असेल तर टोक जांभळं होतं, नसेल तर पांढरं राहतं. शेजारच्या ट्रेमधल्या साध्या गव्हाची मुळं जांभळी झाली, तू निवडलेल्या सतरा नंबरच्या वाणाची पांढरीशुभ्र. तू फोटो काढलेस, साहेबांनी पेढे वाटले, बियाणं डिंडोरीच्या साठ शेतांत गेलं. आणि तिथे ते टीचभर वाढून बसलं. मग चौकशीत दुसऱ्यांनी चाचणी केली तर सतरा नंबरही जांभळा. पाण्याचं रजिस्टर तपासलं, ते चोख. रोज पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, चार पूर्णांक तीन, माझ्या अक्षरात. पाणी बरोबर आणि मुळं पांढरी, हे जमेना. म्हणून फोटो खोटे ठरले, आणि फोटो तुझे.

"चला, तुमच्यावर तरी काही आलं नाही," शैलाकाकू म्हणाल्या.

मी चहा गाळत होते. आपल्या बोअरच्या पाण्याने पातेल्याला आतून केवढा पांढरा थर चढतो, तू लहानपणी तो नखाने खरवडायचीस. त्या गेल्यावर मी ते पातेलं व्हिनेगर घालून घासत बसले, तासभर.

शेतावरचं काम पाहणारा धीरज परवा ऑफिसला आला होता, मला भेटायला घरी आला. सांगत होता की डिंडोरीत एका बाईने रोप उपटून त्याच्या हातात दिलं आणि विचारलं, "साहब, जड़ कहाँ है?" दरवर्षीचं कोदोचं भरड धान्य सोडून त्या वाडीने तुमचा गहू पेरला होता. आता निम्मी वाडी पोराबाळांसकट पीथमपुरला बांधकामावर आहे. दादा ज्या रस्त्याने शिफ्टच्या बसने जायचा, त्याच रस्त्याला ताडपत्र्या टाकून राहतात.

धीरज म्हणाला, "मैडम ने ऐसा क्यों किया होगा, ताई?" मी म्हटलं, मला काय माहीत.

तब्येत सांभाळ.

आत्या


देवास, २९ सप्टेंबर २०२४

जान्हवी,

उद्या मुदत संपते. तू अपील केलं नाहीस, असं कळलं. माझं ऐकलंस म्हणायचं की माझं पत्र उघडलंच नाहीस, देव जाणे.

एक गोष्ट आठवली म्हणून लिहिते. फार मोठी नाही.

फेब्रुवारी बावीसमध्ये दादाची साठीशांत होती, शनिवारी. तू दोन दिवस आधीच धारला गेली होतीस, भटजी, फुलं, आचारी, सगळं तूच बघत होतीस. मी शुक्रवारी ट्रे भरून चारच्या बसने निघणार होते. साध्या गव्हाचा ट्रे भरून झाला आणि ऊर्ध्वपातित, क्षार काढलेल्या पाण्याचा कॅन संपत आला. ते पाणी करायचं यंत्र सकाळपासून बंद पडलं होतं. दुरुस्तीवाला उद्या येतो म्हणाला. सतरा नंबरचे तीन ट्रे भरायचे राहिले होते.

तर त्या कॅनमध्ये मी थोडं बोअरचं पाणी घातलं असेन. घातलं असेन, असं म्हणते. अडीच वर्षं झाली, नक्की कोणाला आठवतं? पण आम्ल घालून पीएच मी चार-तीनवर आणला होता, ते पक्कं. मीटरवर बघितलं आणि मगच झाकण लावलं. तेवढ्याने काय होणार आहे?

मला तिथे पोचायचंच होतं, जान्हवी. आई-वडील गेल्यावर त्याला ओवाळणारी घरची मी एकटी.

हे पत्र उद्या दुपारी पोस्टात टाकीन. तुला मिळेपर्यंत मुदत उलटून गेलेली असेल, हे मला कळतं. कळत नाही असं समजू नकोस.

आत्या


देवास, दसरा, १२ ऑक्टोबर २०२४

जान्हवी,

आज घट उठवले. आता सगळं लिहिते.

तू डिंडोरीहून आणलेलं लाल मातीचं पोतं अजून आपल्या गॅलरीत होतं, कुंड्यांच्या मागे. सतरा नंबरची ओंजळभर बी डब्यात होती. घटस्थापनेला मी दोन परड्या मांडल्या. एकीत काळी माती, एकीत ती लाल. दोन्हींत तेच बी. आणि पाणी बोअरचं नाही, चौकातल्या बॅटरीच्या दुकानातून आणलेलं, डिस्टिल्ड. दुकानदार म्हणाला, ताई, इन्व्हर्टर कधी घेतला? देवीसमोर तुलनेसाठी कंट्रोल मांडणारी मी पहिलीच बाई असेन.

सातव्या माळेला शैलाकाकू आल्या. काळ्या मातीतला गहू वीतभर, हिरवागार. लाल मातीतला चार बोटं, टोकं पिवळी. त्यांनी देवीला हात जोडले. आपल्यात घट नीट उगवला नाही की काय समजतात, ते तुला ठाऊक आहे. मग म्हणाल्या, "सुमंगलाताई, देवीचं काही राहून गेलंय का? या घरात कुणाला दुखावलं का कुणी?"

मी म्हटलं, नाही हो, माती खराब आहे.

आज सकाळी लाल परडीतली रोपं उपटून धुतली. मुळं आखूड, जाड, टोकाशी तपकिरी, बोटाने वाकवली की मोडणारी. बाटलीत थोडा रंग शिल्लक होता, त्यात बुडवली. जांभळी झाली. व्हायलाच हवी होती. सतरा नंबरला ती जास्तीची दारं कधी नव्हतीच. तेव्हा त्या ट्रेमध्ये मुळाच्या बाहेर अडवण्यासारखं ॲल्युमिनियमच पाण्यात उरलं नव्हतं, म्हणून ती पांढरी राहिली.

आता ऐक. थोडं पाणी नव्हतं घातलं. अर्धा कॅन घातला. साठीशांत करून सोमवारी परत आले आणि मीटर लावला, तर पीएच पाच पूर्णांक सहा, आंबटपणा उतरलेला. क्षाराचं पाणी ते, आम्ल पिऊन पुन्हा वर चढलं. ट्रेच्या तळाला पांढरा गाळ बसला होता. तो गाळ म्हणजेच तुझं ॲल्युमिनियम, पाण्यातून उतरून खाली बसलेलं. एकतीस वर्षं ट्रे भरणाऱ्या बाईला हे कळत नाही का? कळलं. त्याच क्षणी कळलं. शनिवार, रविवार, सोमवार, तीन रकाने कोरे होते. तिन्हींत मी चार-तीन लिहिलं. गाळ नळीने ओढून काढला. मग तू धारहून आलीस, मुळं रंगात बुडवून पाहिलीस आणि नाचलीस. मला उचलून गोल फिरवलंस, माझी चप्पल उडाली.

आठवड्याने तू म्हणालीस, "आत्या, इतकं साफ कसं आलं? एक बार फिर से करून बघू?" मी म्हटलं, तू लिहिण्यात गुंतली होतीस तेव्हा मी पुन्हा ट्रे भरून केलंय. तसंच आलं. तू माझ्यावर विश्वास ठेवलास.

मी केलं नव्हतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. त्यानंतर डिंडोरीचं नाव निघालं की मी उठून जायची. वाटायचं, शेतात कदाचित येईलही. नाही आलं. तुझ्यावर चौकशी बसली तेव्हा वाटलं, तू हुशार आहेस, सुटशील. माझं रजिस्टर खरं ठरलं म्हणून तू खोटी ठरलीस, हे मी समोर बसून पाहिलं. पैशासाठी नाही, नोकरीसाठी नाही, माझी निवृत्ती झालेली होती. फक्त त्या लोकांनी माझ्या हाताला चोख म्हणायचं थांबवू नये म्हणून. हे लिहिताना माझी मला किळस येते.

अजून एक राहिलं आहे. ते लिहायला सकाळपासून बसले आहे.

दादा जाण्याच्या तीन दिवस आधी धारच्या दवाखान्यात मी त्याच्याजवळ होते. तू औषधं आणायला खाली गेली होतीस. त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "सुमे, पोरगी तुझ्याकडे वाढली. खोटं वागायला कुठे शिकली गं?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "दादा, झोप आता."

तो झोपला. नंतर शुद्धीवर आलाच नाही.

मराठीत का लिहीत होते तेही सांगते. रीत-बीत काही नाही. तुला चार पानं मराठी वाचायला अर्धा तास लागतो, कंटाळून मध्येच ठेवशील, असं वाटायचं. सांगितल्याचं समाधान मला आणि तू वाचलेलं नाही. अशी मी.

आशीर्वाद लिहायचा हक्क आज नाही.

सुमंगला


देवास, २५ ऑक्टोबर २०२४

जान्हवी,

दसऱ्यानंतरच्या सोमवारी मी संस्थेत गेले. सगळं हिंदीत लिहून, सही करून नेलं होतं, सोबत दोन्ही परड्यांतली रोपं कागदात गुंडाळून. डायरेक्टर साहेबांनी उभं राहून नमस्कार केला, चहा मागवला. कागद वाचला. दोनदा वाचला. रोपांकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "ताई, अपील की तारीख निकल गई. अब इससे किसका भला होगा? आप घर जाकर आराम कीजिए." आणि कागद टेबलाच्या खणात ठेवून दिला. मला निरोप द्यायला दारापर्यंत आले. अजूनही माझा मान ठेवतात.

बाहेर पोर्चमध्ये मी पायरीवर बसले. खण लावल्याचा आवाज कानात होता. मीही अडीच वर्षं हेच केलं होतं, त्यांना काय बोलणार?

मग त्याच कागदाच्या तीन प्रती काढल्या. एक भोपाळला मोठ्या साहेबांना रजिस्टर केली. एक तुझा लेख छापणाऱ्या मासिकाला. तिसरी धीरजला दिली आणि सांगितलं, डिंडोरीत त्या बाईला वाचून दाखव. त्याने तिथेच उभ्याने वाचली. मी पाणी विचारलं तर नको म्हणाला. जाताना ताई म्हणाला नाही.

त्या बाईला तिचं मूळ कुठे गेलं ते कळेल. वाडी परत येणार नाही. तुझी नोकरीही परत येईल असं वाटत नाही, साहेबांचा चेहरा मी पाहिला आहे.

घरी आले तर पोस्टमन तुझा गठ्ठा घेऊन उभा. चारही पत्रं. एकही फोडलेलं नाही. प्रत्येकावर तोच शिक्का, लेने से इनकार.

म्हणजे तुला अजून काहीच माहीत नाही. मी पानं भरभरून कबूल केलं ते माझ्याच टेबलावर परत आलं. लिफाफा असला की तो नाकारता येतो. फोन असला की कापता येतो. स्वतः आले तर तू दार लावशील, आणि ते बरोबरच असेल.

चारही पत्रं आणि हे पाचवं एकत्र बांधून ठेवते आहे. कधी मागितलीस तर देईन. तुला आज पोस्टकार्ड टाकते आहे. शाळेच्या पत्त्यावर. त्याचा कोपरा फाडला आहे. आईची क्षमा मागून फाडला.

सुमंगला


(पोस्टकार्ड. उजवा कोपरा फाडलेला.)

देवास, 25 अक्टूबर

जान्हवी,

कोई गया नहीं है. कोना मैंने जान-बूझकर फाड़ा है, कि तू बिना पढ़े न रखे.

सत्रह नंबर के तीनों ट्रे में आधा पानी बोर का था. पीएच 5.6 निकला, मैंने 4.3 लिखा. दोबारा जाँच मैंने की ही नहीं थी, तुझसे झूठ बोला. तेरे फोटो सच्चे हैं. झूठा मेरा रजिस्टर है.

पोस्टमैन भिया, मास्टर जी, रास्ते में जो भी यह कार्ड पढ़े, वह भी जान ले और आगे कहे.

तेरे बाबा ने मुझसे पूछा था. उनको मैंने नहीं बताया.

सुमंगला